डायनाको स्टिरिओ-70 : सेकंडहँड घेताना आधी व्होल्टेज पाहावे

अमेरिकेत 1959 साली बाजारात आलेला डायनाको कंपनीचा स्टिरिओ-70 हा व्हॉल्व्ह (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर, घरी जोडायच्या सुट्या भागांच्या किटच्या रूपातही विकला जात असे. त्यामुळे आज हाती येणारा नग कोणी जोडला आणि मागाहून त्यात काय काय बदलले, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुण्यातील एका विक्रेत्याकडून मी घेतलेल्या नगावर ‘230 व्होल्ट’ अशी चिठ्ठी डकवलेली होती. आतला मेन्स ट्रान्सफॉर्मर मात्र मूळचाच, म्हणजे 117 व्होल्टचा निघाला.

हे तपासायला फार सामग्री लागत नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून, मेन्सऐवजी 12 व्होल्ट एसी देणारा घंटेचा छोटा ट्रान्सफॉर्मर मी अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीला जोडला, स्विच चालू केला आणि ईएल34 या आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटमधील 2 व 7 क्रमांकाच्या पिनांवर मल्टीमीटर धरला. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरचे वाइंडिंग 6.3 व्होल्टचे असल्याने, प्रायमरी (मेन्सच्या बाजूचे वाइंडिंग) 230ची असती तर तेथे जेमतेम 0.33 व्होल्ट दिसायला हवे होते, मीटरने 0.68 दाखवले आणि चिठ्ठीचा निकाल लागला. एवढ्याशा पुरवठ्यावरही एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, वाइंडिंगच्या दोन टोकांत सत्तरएक व्होल्ट असतात, तेव्हा मोकळा हात खिशातच बरा. हा नग थेट घरच्या सॉकेटला लावला असता तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होऊन प्रचंड करंट ओढला गेला असता, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार बांधली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजावे.

आपल्याकडे त्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरला पर्याय नाही. अ‍ॅम्प्लिफायरची भूक दीडशे वॅटच्या आसपास असली तरी 500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्यावा, आणि 120ऐवजी 110 व्होल्टचा निवडावा, असे माझे मत आहे. रात्री उशिरा लाइन 245पर्यंत चढली की 230 ते 110 या प्रमाणात बाहेर नेमके 117 येतात; 120चा घेतला तर तेच जवळजवळ 128 होतात, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या हीटरवर तो ताण नको. शिवाय 60 हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर थोडा अधिक तापतो, म्हणूनही व्होल्टेज किंचित कमी असलेले चांगले. स्वस्त स्टेप-डाउन बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वाइंडिंगचे, असतात आणि मेन्सपासून विलग करत नाहीत; म्हणून मूळची दोन तारांची वायर काढून तीन तारांची घालणे आणि चॅसीला अर्थिंग देणे मी आवश्यक मानतो. बायस, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हमधून गाणे नसतानाही वाहणारा करंट ठरवणारी जुळणी, चाचणीच्या पिनवर 1.56 व्होल्टला लावायचा असतो, पण तो लाइनबरोबर हलतो. ज्या वेळी गाणे ऐकता त्याच वेळी तो लावावा.

आवाजाबद्दल तक्रार नाही. तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास इतका सुटा ऐकू येतो की चॅनेलमागे 35 वॅट मला पुरेसे वाटतात. तबल्याचा डग्गा मात्र थोडा सैल वाजतो. किंमत ठरवताना स्टेप-डाउन, नवी वायर आणि कारागिराची मजुरी धरूनच घासाघीस करावी, आणि झाकण उघडू न देणाऱ्या विक्रेत्याकडून हा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नये.