माल्टा: कागद सगळे खरे निघाले, फक्त कामच नव्हतं

माझा व्हिसा खरा होता. हे आधीच सांगतो, कारण "व्हिसा खोटा निघाला का?" हेच सगळे पहिल्यांदा विचारतात. खोटा नव्हता म्हटलं की "मग फसवलं कसलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पैसे देताना मीही असाच विचार केला होता. मंजुरीचं पत्र आलं, व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट हातात आला, माल्टा या युरोपातल्या छोट्या देशाच्या विमानतळावर शिक्का बसला. चौथ्या दिवशी कळलं की ज्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये मी कामाला लागणार होतो, ते उघडलेलंच नाही.

ही गोष्ट 2023 सालची. हॉटेलच्या किचनमध्ये काम करण्याचा मला सहा वर्षांचा अनुभव होता, आणि आता बाहेर जायचंच असं मनाने घेतलं होतं. एजंट ओळखीतल्याच्या ओळखीचा. साडेपाच लाख सांगितले, चार हप्त्यांत: फाइल उघडताना, ऑफर लेटर आल्यावर, परमिट मंजूर झाल्यावर आणि शेवटचा पासपोर्टवर व्हिसा लागल्यावर. या हप्त्यांनीच माझा विश्वास बसला. प्रत्येक पैशाला त्याने एकेक कागद दाखवला. पण त्याच्या पावत्या मी तेव्हा नीट वाचल्या नाहीत. सगळ्यांवर "करिअर मार्गदर्शन शुल्क" असं लिहिलं होतं. नोकरी, माल्टा, भरती यातला एकही शब्द नव्हता. अर्ध्याहून जास्त रक्कम रोख घेतली होती, तिची तर पावतीच नाही. पुढे तक्रार करायला गेलो तेव्हा पावतीवरच्या "मार्गदर्शन शुल्क" या एका ओळीने माझे हात बांधले.

आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर पहिल्या भेटीतच उठलो असतो. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारकडे नोंदणी लागते. अशा नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सगळ्यांना बघता येते. त्यांनाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयेच घेता येतात. साडेपाच लाख कुठे आणि हा आकडा कुठे! माझ्या एजंटचं नाव त्या यादीत नव्हतं. "आम्ही एका मोठ्या कंपनीचे सब-एजंट आहोत," असं तो सांगायचा आणि मला ते भारदस्त वाटायचं. सब-एजंट नावाचा प्रकार कायद्याला मान्यच नाही.

आता तिथली पद्धत सांगतो, कारण फसवणूक त्या पद्धतीच्या आतच बसवलेली आहे. माल्टात युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला राहायला आणि काम करायला मिळून एकच परवाना असतो, सिंगल परमिट. अर्ज मालकाच्या नावाने होतो आणि परमिट त्या मालकाला, त्या कामाला बांधलेलं असतं. मालक बदलायचा तर नव्याने अर्ज करायचा आणि मंजुरी येईपर्यंत नव्या जागी काम करायचं नाही. म्हणजे एखाद्याने कंपनी नोंदवली, कामगार हवेत असं कागदावर दाखवलं आणि परमिटं काढली, की ती परमिटं विकायचाच धंदा होतो. कंपनी खरी, परमिट खरं, त्यामुळे व्हिसाही खरा. फक्त त्या मालकाला माझ्याकडून काम करून घ्यायचंच नसतं.

चौथ्या दिवशी तो मालक भेटला, गाडीत बसूनच. रेस्टॉरंटला अजून परवानगी मिळालेली नाही, दोन-तीन महिने लागतील, तोवर दुसरीकडे काहीतरी बघ, असं म्हणाला. मग हळूच मुद्द्यावर आला. परमिट चालू ठेवायचं असेल तर तो मला कागदावर नोकरीत दाखवेल, पण पगार देणार नाही. उलट टॅक्स आणि सोशल सिक्युरिटीचे (पगारातून सरकारकडे भरायची सामाजिक सुरक्षेची वर्गणी) म्हणून महिन्याला 250 युरो मीच त्याला द्यायचे. मी कबूल झालो. डोक्यावर व्याजाचं कर्ज असलेला माणूस परदेशात चौथ्या दिवशी दुसरं काय करणार?

तो हिशोबही खोटा होता, हे फार उशिरा समजलं. त्या वर्षी माल्टात पूर्णवेळ कामाचं किमान वेतन आठवड्याला 192.73 युरो होतं. सोशल सिक्युरिटी कामगाराच्या पगारातून दहा टक्के आणि मालकाच्या खिशातून दहा टक्के. दोन्ही बाजू मी भरल्या तरी महिन्याला 167 युरोंच्या आसपास, वर किरकोळ टॅक्स. माझ्या नावावर तो दर महिन्याला वरचे पैसेही खात होता. आणि एजंटला दिलेले साडेपाच लाख म्हणजे त्या किमान वेतनाचा सात महिन्यांहून जास्तीचा पगार. निघण्याआधी हा भागाकार मी एकदाही केला नव्हता.

पोट भरायला मी डिलिव्हरीला लागलो. माझ्या नावाने अकाउंट नाही, परवाना नाही, म्हणून दुसऱ्याच्या अकाउंटवर. निम्मी कमाई त्याची. उन्हाळ्यातल्या दुपारी स्लिमाच्या चढावर स्कूटर चालवताना पोलिसाची गाडी दिसली की छातीत धडधडायचं, कारण माझं परमिट या कामाचं नव्हतंच. फसवलं मला होतं, पण कायदा मोडणारा म्हणून पकडला मीच गेलो असतो. तक्रार करायला माणूस का धजत नाही, हे मला तेव्हा कळलं.

बेटावर ही कोंडी जास्त घट्ट होते. सगळी बेटं धरूनही माल्टा देश 316 चौरस किलोमीटरचा. हम्रुन, मार्सा, म्सिदा या तीन-चार भागांतच आपली बहुतेक मुलं राहतात आणि कामाची प्रत्येक बातमी त्याच दहा-वीस माणसांच्या हातून येते. एजंट म्हणाला होता, "माल्टा शेंगेनमध्ये आहे, नाहीच जमलं तर इटलीला निघून जा." शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट. सिसिलीची बोट दोन तासांच्या आत पोचवते, हे खरं. पण माल्टाच्या परमिटवर इटलीत काम करता येत नाही. कार्ड यायच्या आधी हातात असतो तो तात्पुरता कागद, ज्याला तिथे सगळे ब्लू पेपर म्हणतात. त्याच्यावर दुसऱ्या देशात फिरताही येत नाही.

दुसऱ्यांदा फसवलं ते आपल्याच माणसाने. खोलीवर जेवायला बोलवायचा, भाऊ भाऊ करायचा. 1,500 युरोत परमिट दुसऱ्या कंपनीत करून देतो म्हणाला. 700 आगाऊ घेतले, फोन बंद. पहिल्या फसवणुकीपेक्षा हे जास्त लागलं, अजूनही लागतं. नडलेल्या माणसाची यादी तयारच असते आणि ती हातोहात फिरते.

वाट दाखवली ती खोलीतल्या एका केरळी मुलाने. जॉब्सप्लस ही तिथली सरकारी रोजगार संस्था. आपल्या नावावर कुठे, कधीपासून नोकरी नोंदली आहे याचा उतारा ती देते. तो काढला तर माझी नोंद मी उतरल्यावर सात आठवड्यांनी केलेली! त्याआधीचे जे पैसे मालकाने घेतले होते ते कशाचे? कागदोपत्री पगारपत्रकांच्या प्रती आणि पैशांबद्दलचे मेसेज घेऊन मी व्हॅलेटातल्या कामगार खात्यात गेलो. तिथल्या बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. कामगाराकडून नोकरीसाठी पैसे घेणं माल्टातही बेकायदा आहे, हे मला त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा कळलं. निम्मी मुलं तिथवर जातच नाहीत, मीही आठ महिने गेलो नव्हतो.

त्याच काळात मी एजंटांना विचारणं बंद केलं आणि सीव्हीच्या प्रती घेऊन बुजिब्बाच्या बाजूची हॉटेलं पालथी घातली. सतराव्या ठिकाणी शेफने "उद्या ट्रायलला ये" म्हटलं. एक पैसा न देता नवा अर्ज झाला. मंजुरीची वाट बघत साडेतीन महिने बिनकामाचे काढले, खोलीचं भाडं उधारीवर. आता काम नीट आहे, पगार बँकेत येतो.

एजंटवर पोलिसांत तक्रार दिली आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयालाही लिहिलं आहे. त्याने आतापर्यंत 80,000 परत केले आणि बाकीचे मार्गदर्शनाचे होते असं लिहून दिलं आहे. लढत राहणार आहे.

हे वाचणाऱ्या कुणाचं मंजुरीपत्र आलं असेल आणि शेवटचा हप्ता द्यायचा राहिला असेल, तर तो थांबवा. पत्रावर कंपनीचं नाव असतं. माल्टा बिझनेस रजिस्ट्री, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीवर, ती कधी स्थापन झाली, संचालक कोण आहेत, पत्ता कुठला आहे ते बघा. त्या पत्त्यावर खरंच धंदा चालू आहे का, नकाशावर आणि फोनवर खात्री करा. मालकाशी एजंटला मध्ये न घेता बोला, व्हिडिओवर, आणि किचन दाखवायला सांगा. मी एवढंच केलं असतं तरी रिकामं, कुलूप लावलेलं दुकान मला घरबसल्या दिसलं असतं.