टाइमआउटवर लक्ष ठेवायला ऑक्सिडाइज्ड : 6 महिने वापरल्यावर

आमच्याकडे अ‍ॅप सर्व्हर आणि डेटाबेसच्या मध्ये फायरवॉल आहे, आणि रात्रभर ट्रॅफिक नसलं की सकाळची पहिली क्वेरी लटकायची. डेटाबेसवाले म्हणायचे नेटवर्क बघा, आम्ही म्हणायचो पिंग तर होतंय. शेवटी कळलं की फायरवॉल 1 तास गप्प असलेलं कनेक्शन टेबलमधून काढून टाकतो आणि दोन्ही बाजूंना काहीच कळवत नाही, आणि लिनक्सचा कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारं छोटं पॅकेट) डीफॉल्टला 7200 सेकंदांनी म्हणजे 2 तासांनी सुरू होतो, तोही अ‍ॅपने चालू केला असेल तरच. म्हणजे कीपअलाइव्ह निघायच्या आधीच कनेक्शन मेलेलं!

तेव्हा ठरवलं की प्रत्येक डिव्हाइसवर काय टाइमआउट आहे (म्हणजे किती वेळ गप्प राहिलं की कनेक्शन तोडायचं) आणि तो कधी बदलला हे समोर दिसलं पाहिजे. त्यासाठी ऑक्सिडाइज्ड लावलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, रूबीत लिहिलंय, सिस्को जुनिपर फोर्टिगेट सगळ्यांत लॉगिन करून कॉन्फिग (डिव्हाइसच्या सेटिंग्ज) आणतं आणि गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, ठेवतं. डीफॉल्टला दर 3600 सेकंदांनी फेरी मारतं.

मला सगळ्यात आवडलं ते डिफ, म्हणजे मागच्या आणि आताच्या कॉन्फिगमधला फरक. लॅबमधल्या एका स्विचवर कोणीतरी डीबग करताना व्हीटीवायला (दूरून लॉगिन करायच्या लाइनला) ‘एक्झेक-टाइमआउट 0 0’ टाकून ठेवलं होतं, म्हणजे सेशन कधीच सुटणार नाही, आणि असे अडकलेले सेशन साठत गेले की व्हीटीवाय लाइन भरतात आणि ऐन गरजेला आपल्यालाच एसएसएच मिळत नाही. पुढच्या फेरीत ती एक ओळ डिफमध्ये दिसली, लगेच काढली. आणि हो, व्हीटीवाय 0 4 आणि 5 15 कॉन्फिगमध्ये बहुतेक वेळा वेगळे असतात, एकाला टाइमआउट लावून दुसरा विसरणं फार होतं, दोन्ही बघा.

आता जे खटकतं ते. सिस्कोच्या आयओएसचा एक्झेक-टाइमआउट डीफॉल्ट 10 मिनिटं आहे आणि तो डीफॉल्टच असेल तर साध्या शो रन (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) मध्ये ती ओळ येतच नाही, आणि ऑक्सिडाइज्ड साधा शो रनच घेतं. त्यामुळे ओळ दिसली नाही म्हणजे टाइमआउट नाही असं समजू नका, मी पहिल्या आठवड्यात तेच समजून बसलो होतो. खरी किंमत हवी असेल तर ‘शो रनिंग-कॉन्फिग ऑल’ मॉडेलमध्ये (कुठल्या डिव्हाइसवर कुठल्या कमांड चालवायच्या ते सांगणाऱ्या ऑक्सिडाइज्डच्या फाइलमध्ये) स्वतः घालावं लागतं, पण मग फाइल लांबलचक होते.

दुसरं म्हणजे हे नियम तपासत नाही. 10 मिनिटांपेक्षा जास्त टाइमआउट कुठेय ते सांग, असं विचारायची सोय नाही. हुक आहे, म्हणजे आपली स्क्रिप्ट आपोआप चालवायची सोय, त्यावर मी छोटी ग्रेपची (मजकूर शोधणाऱ्या कमांडची) स्क्रिप्ट चिकटवली, ती मेल पाठवते. काम होतं, पण हे आत असतं तर 5 पैकी 5 दिले असते. सध्या 4.

कोणी फोर्टिगेटचा सेशन टीटीएल (गप्प सेशन किती वेळ ठेवायचं ती मुदत) पॉलिसीप्रमाणे वेगळा काढणारी स्क्रिप्ट लिहिली असेल तर खाली टाका, मला हवीये.