स्लीव्ह की बायपास?

वजनाच्या ऑपरेशनची चौकशी करायला गेलात की ही दोन नावं हमखास कानावर पडतात. दोन्ही सहसा दुर्बिणीतूनच होतात.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात. उरते केळ्यासारखी निमुळती नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे जेवण तर कमी जातंच, भूकही मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत. पण कापलेलं जठर परत मिळत नाही, आणि ज्यांना आधीच आंबट ढेकर, छातीत जळजळ आहे त्यांचा त्रास बऱ्याचदा वाढतो. अशांनी स्लीव्हच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

बायपासमध्ये जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पित्ताचा त्रास बहुतेकांचा कमी होतो, मधुमेहावर पकड सहसा जास्त चांगली बसते, वजनही सरासरी थोडं अधिक उतरतं. मात्र गोडावर ताव मारलात, दोन पुरणपोळ्या गुळवणीत कुस्करून खाल्ल्यात, तर थोड्याच वेळात घाम, धडधड, जुलाब सुरू होऊ शकतात. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सर्रास घेणाऱ्यांना जोडाजवळ अल्सरचा धोका असतो.

बी-12, लोह, कॅल्शियम दोन्हीकडे जन्मभर वरून घ्यावं लागतं. बायपासनंतर कमतरता जास्त. शाकाहारी माणसाचं बी-12 बऱ्याचदा मुळातच कमी असतं, म्हणून ते ऑपरेशनआधीच तपासून घ्या.