‘थ्री-पॅक मेश’ म्हणून विकलेले तीन डबे: तीन मजली घरातली फसवणूक आणि ती पकडायची रीत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घरात तीन नगांचा मेश वाय-फाय सेट (एकमेकांशी जोडून घरभर एकच वाय-फाय पसरवणारे डबे) बसवला गेला. तळमजला, वर दोन मजले आणि गच्चीवर पत्र्याची शेड असे हे घर. दुकानदाराने तोंडी सांगितले होते की सेट वाय-फाय ६ चा आहे, सगळे पोर्ट (वायर लावायची तोंडे) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत, प्रत्येक मजल्यापर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ वायर जाईल आणि वरपर्यंत पूर्ण स्पीड मिळेल. सव्वीस हजारांच्या आसपास रक्कम घेतली आणि हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच ओळ होती: ‘वाय-फाय सेट ३ नग, वायर व मजुरी’.

घरात कनेक्शन २०० एमबीपीएसचे. तळमजल्यावर स्पीड टेस्टचा आकडा ९४ च्या पुढे कधी गेला नाही. पहिल्या मजल्यावर ४० च्या आसपास मिळायचा आणि दुसऱ्या मजल्यावर १२ ते १५. वरच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावला की आवाज तुटायचा. तक्रार केली की दुकानदार म्हणायचा, “लाईनचा प्रॉब्लेम आहे, नेटवाल्याला सांगा.” शेवटी त्याने उपाय सुचवला तो चौथा डबा विकत घेण्याचा. तो घेण्याआधी सेट तपासला गेला, म्हणून पुढचे पैसे वाचले. तपासात जे सापडले ते इथे सविस्तर देत आहोत, कारण असा माल आणि अशी वाक्ये एका दुकानापुरती नाहीत. नवा बंगला बांधणारा किंवा जुन्या घरावर माडी चढवणारा कुणीही यात सापडू शकतो.

सुरुवात ९४ या आकड्यापासून, कारण तोच सगळ्यात बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच मिळतात. बाकीची क्षमता डेटाच्या वेष्टनात खर्च होते. कनेक्शन २०० चे असताना आकडा वारंवार ९४ वरच अडत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा अर्धवट जोडलेली वायर आहे हे जवळजवळ नक्की समजावे. या घरात मुख्य डब्याचे पोर्टच १०० चे होते. खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘१२०० एमबीपीएस’ लिहिलेले होते, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोर्टपुढे ‘१०/१००’ असे छापलेले होते. गिगाबिट पोर्ट असेल तर तिथे ‘१०/१००/१०००’ असते. खोके हातात घेतल्यावर सगळ्यात आधी वाचायची ओळ हीच.

आता तो १२०० चा आकडा. एसी १२०० म्हणजे वाय-फायच्या दोन लहरपट्ट्यांपैकी २.४ गीगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गीगाहर्ट्झवर ८६७, या दोहोंची बेरीज वर ओढून १२०० केलेली. कुठल्याही एका मोबाइलला ही बेरीज मिळत नाही, आणि ८६७ ही देखील हवेतली कमाल जोडणी आहे. डब्याजवळ उभे राहूनही हाती येणारा वेग साधारण तिच्या निम्म्या ते दोन तृतीयांश असतो. वाय-फाय ६ च्या सेटवर एएक्स १५००, एएक्स १८००, एएक्स ३००० असे आकडे असतात. एसी हे अक्षर वाय-फाय ५ चे, एएक्स हे ६ चे. या घरात ‘वाय-फाय ६’ सांगून एसी १२०० दिला होता, आणि ते खोक्यावरच छापलेले होते. एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. त्यातले २४०२ फक्त १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल पेलणाऱ्या उपकरणांना मिळतात. बरेच मोबाइल ८० वर चालतात आणि १२०१ वर थांबतात. त्यामुळे नुसता मोठा आकडा पाहून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. २०० ते ३०० च्या कनेक्शनला गिगाबिट पोर्ट असलेला एएक्स १५०० किंवा १८०० पुरतो, मात्र मजल्यांमध्ये वायर हवी.

दुसरी फसवणूक जास्त वाईट होती. कंपनीच्या ॲपमध्ये तीन डबे दिसायला हवे होते, दिसत होते दोनच. दुसऱ्या मजल्यावरचा तिसरा ‘नग’ वेगळ्याच कंपनीचा, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा एक्स्टेंडर (नुसती रेंज पुढे वाढवणारा डबा) निघाला. त्याला नाव आणि पासवर्ड मुख्य वाय-फायचाच टाकून दिला होता, त्यामुळे मोबाइलवर एकच नाव दिसायचे आणि घरच्यांना संशय आला नाही. नाव एक असले म्हणून मेश होत नाही. खऱ्या मेशमध्ये डबे एकमेकांशी बोलतात आणि जिना चढताना मोबाइलला जवळच्या डब्याकडे वळवतात. ८०२.११ के, व्ही आणि आर या सोयी त्यासाठीच असतात. एक्स्टेंडर हे करत नाही. शिवाय साधा एक्स्टेंडर ज्या रेडिओवर (सिग्नल घेणाऱ्या-देणाऱ्या भागावर) घेतो त्याच रेडिओवर पुढे देतो, म्हणून वेग निम्मा होतो. इथे तो पहिल्या मजल्यावरच्या डब्याकडून घेत होता आणि तो डबाही तळमजल्याकडून हवेतूनच घेत होता. दोन टप्प्यांत दोनदा कपात झाली आणि मधे लोखंडी सळ्यांचे दोन स्लॅब. १२ ते १५ हा आकडा इथून आला.

वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालतील असे कुणी सांगितले, तर दोन्ही डब्यांना वाय-फाय अलायन्सचे ईझीमेश प्रमाणपत्र आहे का ते विचारा. एकाच कंपनीच्या दोन मालिकाही परस्परांशी जुळतीलच असे नसते. टीपी-लिंकचेच घ्या: डेको आणि वनमेश या वेगळ्या व्यवस्था आहेत. म्हणून ‘आत्ता दोन घ्या, पुढे कुठलाही जोडू’ या बोलण्यावर जाऊ नये.

आणि वायर. पैसे घेऊन दोन्ही मजल्यांपर्यंत वायर ओढली होती, पट्टीही नीट मारली होती. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एक्स्टेंडरला नेटवर्क पोर्टच नव्हता. वायरीचे टोक टीव्हीच्या मागे खोचून ठेवले होते. पहिल्या मजल्यावरची वायर डब्याला लावलेली होती, पण मृत होती. अशा वेळी मेशचा डबा तक्रार करत नाही, गुपचूप हवेतून जोडणी घेतो. त्याचा दिवा तसाच राहतो आणि घरच्यांना वाटते की वायरीवर चालले आहे. ॲपमध्ये त्या डब्यावर टिचकी मारली की जोडणीचा प्रकार दिसतो. ‘इथरनेट’ किंवा ‘वायर्ड’ यायला हवे. ‘५ गीगाहर्ट्झ’ दिसले तर वायर कामाची नाही. बसवणारा घरात असतानाच हे पाहून घ्यावे.

ती वायर मेली कशाने? वेष्टनावर ‘कॅट ६’ छापलेले होते, आत मात्र तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते. बाजारात याला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियम ठिसूळ असते, जॅक (टोकाचा प्लग) मारताना आणि कोपऱ्यात वळवताना आतून तुटते. दमट हवेत टोकाशी गंजते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरून नेलेल्या वायरीला हे सोसत नाही. सीसीए ओळखायला दोन मिनिटे लागतात. एका तारेचे टोक ब्लेडने खरवडा: आतही लालसर दिसले तर तांबे, पांढरट चमकले तर ॲल्युमिनियम. तीच तार एका जागी मागेपुढे वाकवा. ॲल्युमिनियमची थोड्याच वाकवण्यांत तुटते, तांब्याची बराच वेळ टिकते. पेटी उचलून पाहिली तरी वजनात फरक कळतो. दुकानात वायर कापायच्या आधी हे करायला कुणी नाही म्हणाले, तर तिथून घेऊ नका.

तांब्याची वायर असली तरी काम अर्धवट असू शकते. वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस दोन जोड्यांवर, म्हणजे १, २, ३ आणि ६ या पिनांवर चालते. गिगाबिटला आठही तारा लागतात. काही जण उरलेल्या चार तारांवर इंटरकॉम किंवा दुसरे कनेक्शन काढून एक वायर वाचवतात, आणि पैसे मात्र दोन वायरींचे लावतात. जॅकच्या पारदर्शक तोंडातून आठ रंग मोजा. दोन्ही टोकांना क्रम सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

लांबीतही लूट होते. तळमजला अधिक दोन मजले, मजल्याची उंची १० फूट धरली, तर पहिल्या मजल्याला वळणांसकट १२ ते १५ मीटर आणि दुसऱ्याला २० ते २५ मीटर लागतात. दोन्ही मिळून ४० मीटरच्या आत काम होते. पूर्ण पेटी ३०५ मीटरची असते. बिलात पेटी लावली असेल तर उरलेली वायर घरात ठेवून घ्या.

रचना अशी असावी. फायबरच्या डब्यातून, म्हणजे ओएनटीमधून, एक वायर मुख्य मेश डब्याच्या वॅन पोर्टला (नेट आत घेणाऱ्या). मुख्य डब्याच्या लॅन पोर्टमधून (नेट घरात देणाऱ्या) प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वायर. पोर्ट कमी पडले तर मधे पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका वायरीच्या अनेक करणारा डबा). वरच्या मजल्यांच्या वायरी थेट ओएनटीला लावण्याची चूक नेहमी होते. मुख्य डबा राऊटर मोडमध्ये असताना तसे केले की वरचे डबे त्याच्या नेटवर्कच्या बाहेर पडतात. ओएनटीही राऊटर आणि मेशही राऊटर असे दुहेरी झाले तर काही गेम आणि बाहेरून पाहायचे कॅमेरे अडतात. त्यासाठी नेट देणाऱ्याकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (त्याचे राऊटरचे काम बंद) करून घ्या, किंवा मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (राऊटरचे काम न करता फक्त वाय-फाय देणारा) ठेवा. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपातून डेटाची वायर नेऊ नका, शेजारून न्यायची तर अर्धा फूट तरी अंतर ठेवा. बाहेरच्या भिंतीवरून जाणार असेल तर ऊन-पाऊस सोसणारे काळे वेष्टन असलेलीच घ्या.

वायर ओढणे खरोखर अशक्य असेल, तर मेशचा हवेतला दुवा जिन्याच्या मोकळ्या जागेतून जाऊ द्या. डबे जिन्याच्या तोंडाशी, छातीच्या उंचीवर ठेवा. टीव्हीच्या कपाटात, फ्रीजमागे किंवा पाण्याच्या टाकीखाली नकोत. वरच्या डब्याच्या जागी मोबाइल धरून खालच्या डब्याची रेंज वाय-फाय ॲनालायझरमध्ये मोजा: उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) किंवा त्याहून चांगली, म्हणजे शून्याच्या जवळची, हवी. उणे ७५ दिसत असेल तर डबा तिथे ठेवून उपयोग नाही, खालच्या पायऱ्यांकडे आणा. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींत एक खोली ओलांडतानाच ५ गीगाहर्ट्झ दम तोडते, तिथे वायरीला पर्याय शोधू नये. अशा घरात ट्राय-बँड (तीन रेडिओंचा) सेट घेतला, तर डब्यांमधल्या दुव्याला वेगळा रेडिओ मिळतो आणि निम्म्याची कपात टळते, पण भिंत तीच राहते. दुवा कमजोर असताना चौथा डबा जोडला, तर तोही त्याच चॅनलवर जागा खातो आणि सगळ्यांचाच वेग घसरतो.

दुकानदाराची उत्तरे तपासता येतात. ‘लाईनचा प्रॉब्लेम’ म्हटले तर लॅपटॉप वायरने थेट ओएनटीच्या गिगाबिट पोर्टला लावून टेस्ट घ्या; तिथे १९० आले की लाईन निर्दोष ठरली. ‘मोबाइल जुना आहे’ म्हटले तर तोच मोबाइल मुख्य डब्याजवळ आणि वर, दोन्हीकडे तपासा. ‘सगळे गिगाबिट आहे’ म्हटले तर प्रत्येक मजल्यावरच्या वायरीला लॅपटॉप जोडा आणि विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड वाचा: १०००/१००० हवे. १००/१०० आले तर तार तुटलेली आहे किंवा पोर्ट लहान आहे. आधी लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट गिगाबिट असल्याची खात्री करा. सीसीए वायर कधीकधी १००० दाखवतेही. म्हणून मुख्य डब्याला दहा मिनिटे सलग पिंग (लहान संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) चालू ठेवा: वायरीवर एकही पॅकेट, म्हणजे संदेश, हरवू नये.

डबा तासातासाने आपोआप बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर पाहा. मूळ अडॅप्टर काढून कमी अँपिअरचा देणे हाही प्रकार चालतो. डब्याच्या तळावर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिले असेल तर अडॅप्टरवर तेवढे किंवा जास्त अँपिअर हवे, व्होल्ट मात्र तंतोतंत तेच. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहता येते.

पक्के बिल घ्या, आणि त्यावर प्रत्येक डब्याचे मॉडेल, सिरियल क्रमांक, वायरीचा प्रकार ‘तांबे’ या शब्दासह आणि मीटर लिहून घ्या. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. जुना परत आलेला डबा नवा म्हणून दिला असेल, तर कंपनीच्या साइटवर सिरियल टाकताच वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसू शकते. पैशाचा शेवटचा हप्ता तिन्ही मजल्यांवर लिंक स्पीड पाहिल्यावरच द्या.

आधीच फसलेल्यांनी खोक्याचे आणि डब्याखालच्या लेबलांचे फोटो, ॲपमधल्या जोडणीचे स्क्रीनशॉट, खरवडलेल्या तारेचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे बोलणे आणि पैसे दिल्याचा पुरावा एकत्र ठेवावा. आधी दुकानदाराला लेखी कळवा आणि मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथे सुटले नाही तर ई-जागृती पोर्टलवरून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कच्ची चिठ्ठी असली तरी यूपीआयची नोंद आणि चॅट पुरावा म्हणून जोडता येतात.

एसी १२०० चे दोन डबे मात्र लगेच फेकून देऊ नका. कनेक्शन १०० किंवा त्याखालचे असेल, तर मधली वायर तांब्याची टाकून आठही तारा नीट जोडल्या की तेच डबे दोन मजल्यांवर ९० च्या आसपास देतात. राजारामपुरीतल्या घराचे कनेक्शन २०० चे, म्हणून तिथे मुख्य डबा बदलावाच लागेल. पण सुरुवात दोन्ही मजल्यांच्या वायरी बदलण्यापासून करायची आणि डब्याचा खर्च त्यानंतर.