हेपटायटिस बी आणि सी : चयापचयावर कोणाचा भार अधिक?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या रुग्णाच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल येतो, तेव्हा हेपटायटिसचा (यकृताच्या दाहाचा) विषाणू बी आहे की सी, यावर पुढची बरीच गणिते अवलंबून असतात. सी विषाणूचे गाभ्यातील प्रथिन यकृतपेशींतील मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचे) काम बिघडवते, त्यातून पेशींना इजा करणारे क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणू वाढतात (हाच ऑक्सिडेटिव्ह ताण), आणि इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नसल्याने मधुमेहाचा धोकाही वाढतो. या विषाणूचा भारतात अधिक आढळणारा जनुकप्रकार 3 तर यकृतात थेट चरबी साठवतो. बी विषाणूमुळेही ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, परंतु चरबीशी त्याचा संबंध तुलनेने क्षीण आहे. बीच्या रुग्णाचे यकृत चरबीयुक्त दिसले, तर दोष बहुधा वाढत्या वजनाचा (आणि आपल्याकडे थोडा कुंदा या खव्याच्या मिठाईचाही) असतो.

उपचारात मात्र सी सोपा म्हणावा लागेल. सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर ही विषाणूरोधक औषधे साधारणतः 12 आठवडे घेतल्यावर बहुतेकांच्या शरीरातून विषाणू कायमचा जातो. मात्र त्या काळात मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते आणि पुढे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल वाढू शकते. बीचा डीएनए पेशीकेंद्रात टिकून राहत असल्याने टेनोफोविर किंवा एन्टेकाविर हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. या दोहोंपैकी प्रतिबंधक लस बीवरच आहे.