24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर, आठ महिन्यांनंतर: क्लच आधी बघा

पाडव्याला घेतला, आता मार्गशीर्ष लागलाय. मीटरवर 310 तास झालेत. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग, ओळींत नऊ फुटांचं अंतर, शिवाय एक एकर ऊस. फोर व्हील ड्राइव्ह आहे, 600 लिटरचा ब्लोअर (पंख्यानं औषध फवारणारं यंत्र) ओढतो. बाकी आकडे तुम्हाला माहीत असतात. मला क्लचबद्दल बोलायचंय.

घेताना आबा म्हणाले होते, "डबल क्लचचा बघ." मी पैसे वाचवले, सिंगल घेतला. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग तीन-चार पानांवर असताना पाऊस लागला आणि डावणी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, आली. नोझल बदलले, औषध बदललं, एचपी कमी पडते असं मनानं घेतलं. मग एका सकाळी पानं उलटी करून बघत निघालो, तर पांढरी बुरशी प्रत्येक ओळीच्या पहिल्या दोन-तीन झाडांवरच. आतली बाग स्वच्छ!

सिंगल क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडाही, थांबतो. आमचा कडेचा रस्ता अरुंद, वळताना एकदा मागं घ्यावंच लागतं. तिथं पंखा मंदावतो, प्रेशर उतरतं, आणि ओळीत शिरून पीटीओ पुन्हा 540 फेऱ्यांवर येईपर्यंत पहिली झाडं कोरडीच राहतात. डबल क्लचला अर्धा पाय दाबला की ट्रॅक्टर थांबतो, पीटीओ फिरत राहतो. एवढाच फरक, पण माझ्या दोन फवारण्या त्यात गेल्या.

तेव्हा विकायलाच निघालो होतो. आता तसं वाटत नाही. बांधाकडच्या दोन बाभळी काढल्या, रस्ता रुंद झाला. दहा फूट आधीच गिअर पडतो आणि ओळ संपेपर्यंत क्लचला पाय लावत नाही. नवीन फुटीवर डाग नाही.

उसात मात्र पहिल्या दिवसापासून खूश आहे. साडेचार फुटी सरीत आरामात चालतो, भरणीला, म्हणजे उसाला माती लावायला, भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघणं संपलं. नुसता ऊस असेल तर सिंगल क्लच खुशाल घ्या, फक्त चाकांची रुंदी कमी-जास्त होते का ते बघा. बागायतदारानं आधी ब्लोअर ठरवावा आणि त्याला पीटीओवर किती एचपी लागते ते विचारावं. इंजिनाचा आकडा मोठा दिसतो, पीटीओवर त्याहून कमीच मिळते.

सर्व्हिसचा राग अजून गेलेला नाही. नोव्हेंबरात ऐन फवारणीच्या दिवशी पीटीओचं ऑइल सील गेलं. शोरूममधून उत्तर आलं, "माणूस तीन दिवसांनी येईल." रात्रभर पान ओलं राहिलं तर डावणीला तेवढं पुरतं, तीन दिवस आणायचे कुठून? वॉरंटीत असून गावातल्या फिटरकडून पदरच्या पैशानं सील बसवलं. तेव्हापासून तेल गळतंय का बघायला रोज रात्री पीटीओखाली पुठ्ठा ठेवतो. आज सकाळी बघितला, कोरडा होता.