अठराशेची केबल आणि साडेतीन हजारचा डबा

२०१९ च्या पुरात सांगलीच्या खणभागातल्या घरातला टीव्ही गेला, मग पुण्याच्या मामांनी त्यांचा २०१४ सालचा फोर-के टीव्ही दिला. त्याला मी सेकंडहँड कॉम्प्युटर जोडला, घरीच थेटर करायचं म्हणून. युट्यूब झकास चालायचं, पण ओटीटीचा महागातला प्लॅन घेऊनसुद्धा पिक्चर एचडीच्या वर, फोर-के ला जाईना.

स्टँडजवळच्या एका दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, एचडीसीपीचा प्रॉब्लेम हाय, केबल साधी हाय तुमची." एचडीसीपी म्हणजे पिक्चरची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. सोन्याच्या पिना वाली केबल दिली, १८०० ला. फरक शून्य. परत गेलो तर त्यानं काळा डबा काढला, ३५०० चा, म्हणे हा मधे लावला की प्रोटेक्शन गप्प बसतं, आणि दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवला पण, फोर-के दणक्यात चालू, मी खूश. बिल नको म्हणालो, पाचशे कमी केले त्यानं.

घरी ओटीटी काय वर जाईना. आता डोक्यात येतंय, त्यानं दाखवला तो युट्यूबचा व्हिडिओ होता, त्याला एचडीसीपी लागतच नाही, तो माझ्या घरी डब्याशिवाय पण चालत होता की!

शेवटी शेजारचा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा पोरगा आला. त्यानं केबलकडे बघितलंच नाही, सरळ टीव्ही फिरवून मागचे एचडीएमआय पोर्ट वाचले. चारातल्या एकावरच बारीक अक्षरात एचडीसीपी २.२ लिहिलेलं, आणि मी दुसऱ्यात लावून बसलेलो. त्या काळच्या बऱ्याच टीव्हींना असंच असायचं म्हणे. ओटीटीच्या फोर-के ला कॉम्प्युटर, टीव्हीचा पोर्ट आणि मधे जे काही असेल ते सगळं २.२ वालं लागतं, एक जरी जुनं निघालं तरी चित्र खाली येतं. केबलमधे एचडीसीपी नसतंच, ती नुसती वायर. आणि डब्याच्या खाली काय छापलेलं? एचडीसीपी १.४, म्हणजे जुनं. म्हणजे ३००० देऊन मीच मधे अडथळा बसवलेला.

डबा काढला, जुनी केबल त्या पोर्टात घातली, दोन मिनिटांत फोर-के. खर्च शून्य.

परवा डबा परत द्यायला गेलो. बिल नाही, त्यामुळं आवाज चढवायची पण सोय नाही. पोरगा हसत म्हणतोय, "टीव्हीच जुना हाय काका, नवीन घ्या, घरी येऊन लावून देतो."